डावीकडची कबर

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, धंद्याने सुतार, वय एकाहत्तर, विधुर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं अजून ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही; दबाव टाकणारी होती ती गेली.

१. राहतं घर व मागचं दुकान मुलीला. हत्यारंही तिलाच. जावईबापूंनी तोंड वाकडं करू नये. रंधा ती माझ्याहून सरळ मारते.

२. धाकट्या भावाला खिडकीजवळची खुर्ची. साथ ऐन भरात असताना तो प्रार्थनेला घरी आला. "वहिनी, विश्वास ठेवणाऱ्याला मास्क कशाला?" म्हणाला आणि तासभर त्याच खुर्चीत खोकत बसला. अकराव्या दिवशी त्याची वहिनी गेली. तो ठणठणीत आहे. त्याला माफ करता यावं म्हणून मी रोज प्रार्थना करतो, अजून जमलेलं नाही.

३. हे कलम मुलीने बसून वाचावं.

त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीच्या सगळ्या शवपेट्या मीच केल्या. माप घ्यायला बंदी, म्हणून सगळ्या सारख्या. शिंप्याची बायको आणि माझी, दोघी एकाच दिवशी गेल्या. चांगलं लाकूड संपलेलं. गिऱ्हाइकाला धड फळी दिली, घरच्या पेटीला गाठीची. माती लोटल्यावर क्रूस नीट उभा राहत नाही, म्हणून मी तो आधीच उशाच्या घट्ट जमिनीत ठोकत असे. दोन खड्डे शेजारीशेजारी; डावीकडे शिंपीणबाईंचा ठोकला, उजवीकडे हिचा. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी पेट्यांची अदलाबदल करून त्या खाली सोडल्या. गाठीची फळी डावीकडे उतरताना मी पाहिली.

ओरडायला हवं होतं. पण दहाच मिनिटं दिलेली, शिंपी डाव्या खड्ड्याशी हंबरडा फोडत होता, पाळकसाहेब फाटकापलीकडून वचन वाचत होते. माझी जीभच उचलली नाही. मग आठवडा गेला, मग वर्ष गेलं. मध्यंतरी मंडळीने मला पंच निवडलं, तेव्हाही गप्पच. पाच वर्षं शिंपी दर रविवारी माझ्या बायकोपाशी फुलं ठेवतो आणि मी त्याच्या.

देव काही क्रूस वाचून माणसं उठवणार नाही, हे मला कळतं. तरी मला हिच्याजवळ पुरा. डाव्या कबरीलगतची जागा शिंप्याने स्वतःसाठी राखलीय. त्याने दिली तरच. नाही म्हणाला तर कुंपणाशी टाका, भांडू नका. माझी उजवीकडची जागा मी सोडली.

तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून त्यालाच साक्षीला बोलावलंय. वाचल्याशिवाय तो कशावरही सही करत नाही.

ठिकाण: माझं दुकान. दिनांक: आजचा रविवार, उपासनेनंतर.

सही: सुतार

साक्षीदार पहिला: पाळक. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार दुसरा: शिंपी. हा शुद्धीवर आहे, एवढीच साक्ष देतो. माफीचं मला विचारू नये. जागा देतो, ती वहिनींसाठी. दोन कबरींच्या मधे बसून मी पाच वर्षं माझ्या बायकोकडे पाठ केली.