अंदाजे पन्नास

कोपर, डोंबिवली पश्चिम

शशिकांत भावोजींना वहिनीचा नमस्कार.

आज तुमच्या जुन्या विमान कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक आलं. किंमत तीनशे, टपाल साठ. रत्नागिरीचं ते छोटं विमान प्रवाशांची वजनं लिहिणाऱ्या कारकुनामुळे पडलं, असं छापलंय. म्हणजे तुमच्यामुळे.

त्या सकाळी मीच म्हटलं होतं, "माझ्या आईला पुरुषांसमोर काट्यावर नका हो चढवू. अंदाजे लिहा." तुम्ही हसून पन्नास लिहिलंत. आई ऐंशी किलोच्या पुढे, वर मांडीवर नारळांची पिशवी. तिचं बघून बाकीच्या बायकाही चढेनात, त्यांचंही तसंच लिहिलंत.

कोणीच परत आलं नाही. नोकरी गेली तरी तुम्ही माझं नाव काढलं नाहीत.

पन्नास वर्षं फक्त देवाला सांगतेय. आधीची दोन पत्रं पोथीतच राहिली. लेखकाला खरं कळवू ना? उलटटपाली सांगा.

तुमची वहिनी,
प्रमिला