नाताळपर्यंत टब पांढरा

गिरिज, वसई
४ सप्टेंबर १९९४

चि. अँथनी यास,
थोरल्या बहिणीचे, मटिल्डा बायचे, येशूच्या नावे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला नाही तोच मी लिहायला बसले, म्हणजे बघ माझं प्रेम कसं उतू चाललंय! तू मात्र दोन ओळी खरडून मोकळा. बाबांचे गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. सकाळी केळीत फिरतात, दुपारी माझ्या कालवणाला नावं ठेवतात.

गेल्या रजेत तू हौसेनं बाथरूम बांधलंस, मुंबईहून टेम्पोत घालून टब आणलास. तुम्ही गेल्यापासून तो कुणी वापरलेला नाही. आम्ही आपले बादली-तांब्यावाले. मुलगा-सून येतील तेव्हा वापरतील, असं बाबांचं म्हणणं. यंदा नाताळला तुम्ही दोघं नक्की येताय ना? बाबा रोज विचारतात. चार वर्षं झाली रे, त्यांना तुला बघायचंय.

ज्युलिएटला माझी आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बाय,
मटिल्डा

मस्कत
२५ सप्टेंबर १९९४

ति. बायस,
अँथनीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे उकाडा आणि ओव्हरटाइम, दुसरं काही नाही. नाताळचं म्हणशील तर ज्युलिएट कां कू करते. मागच्या वेळी रजा संपायच्या आतच बोअरिंगच्या पाण्यानं टब पिवळा पडला होता, ते बघून तिला शिसारी आली होती. आधी टब पांढरा करा, मग बघू.

दुसरं असं की, बिल्डरचा इथे पुन्हा फोन आला होता. अर्धी वाडी दिली तर सगळ्यांचंच भलं आहे. बाबांना नीट समजाव. त्यांचा हट्ट असाच राहणार असेल तर मी कशाला येऊ? भांडायला?

बाबांना नमस्कार. धाकट्यावर राग नसावा.
तुझा,
अँथनी

गिरिज, वसई
१६ ऑक्टोबर १९९४

चि. अँथनी यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नेहमीसारखं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाडीचा भाग गाळला. उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला? टबाचाच तेवढा वाचला. तर काय, दुसऱ्या दिवसापासून स्वारी बाथरूममध्ये! चिंच-मीठ झालं, लिंबू झालं, खाण्याचा सोडा झाला, माझ्या भांड्यांची अख्खी पावडर संपवली. नळ गळतो तिथून खालपर्यंत तांबूस पट्टा उतरलाय, तो काही हलत नाही. मी म्हटलं, बाबा, तो लोखंडी पाण्याचा डाग आहे, सोडा नाद. तर म्हणाले, नाताळच्या आत पांढरा करून दाखवतो, अँथनीला कळव. म्हणून कळवतेय.

काल आगेऱ्याचा सण झाला. भाताच्या नव्या लोंब्या घेऊन ते चर्चमध्ये गेले, तिथेही फादरना डाग कशानं जातो ते विचारत होते. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गुडघे सुजलेत, तरी खाली बसून घासतात. अरे, डाग राहिला तरी येतो असं एक कार्ड टाक ना. एवढं माझ्यासाठी कर.
बायला विसरू नकोस,
मटिल्डा

मस्कत
३० नोव्हेंबर १९९४

ति. बायस, सा. न.

बाबा गेल्याचं फोनवर कळल्यापासून झोप नाही. पासपोर्ट कंपनीकडे आहे, साहेब सुट्टीवर, म्हणून मातीला पोचता आलं नाही. फोनवर तू रडत होतीस, मला काहीच नीट समजलं नाही. बाबांना असं अचानक काय झालं? सविस्तर लिही.
तुझा अभागी भाऊ,
अँथनी

गिरिज, वसई
११ डिसेंबर १९९४

अँथनी,

सविस्तर लिहिते. बाबांनी फरशीवाल्याकडून ॲसिड आणलं. ते टबात ओतलं. डाग लवकर सुटेना, म्हणून विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर घरात होती, तीही वरून टाकली. दोन औषधं एकत्र केली की गुण लवकर येतो, असा त्यांचा हिशेब. मी ओरडेन म्हणून दार आतून लावून घेतलं. खोकल्याचा आवाज ऐकून शेजाऱ्यांनी दार तोडलं. आत घुसवत नव्हतं, इतका उग्र वास. इस्पितळात नळ्या लावलेल्या, बोलता येत नव्हतं, तरी हातानं विचारलं, टब? मी सांगितलं, पांढरा झाला. खोटं नव्हतं. डाग गेला होता. पण ॲसिडनं पॉलिशसुद्धा खाल्लंय, हात फिरवला तर खरखरीत लागतं, आणि आता पुन्हा पिवळा पडत चाललाय.

ज्युलिएटनं मला मातीच्या संध्याकाळी वेगळा फोन केला होता. रडत होती बिचारी. टबाबद्दल ती तुला कधी एका शब्दानं बोललेली नाही. उलट दर नाताळला घरी जाऊ म्हणून तुझ्या मागे लागते. वाडीसाठी तू रुसून बसलायस, हे बाबांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तुझा मला राग येतो, अँथनी. बायकोचं नाव पुढे केलंस.

माझाही येतो. तुझं ते पत्र मी सगळं वाचलं असतं तर बाबा भडकले असते, तुला शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस जेवले नसते. पण टबाला हात लावला नसता.

मटिल्डा