जांभळीपाशी लागलेला दम

मी, अक्षदा कोंडू देसले, वय चौतीस, धंदा शिवणकाम, राहणार धसई, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची तेवढी दुरुस्ती बाकी आहे आणि तेच या लिखाणाचे कारण.

मी जन्मले तीच हृदयाला छिद्र आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी अरुंद घेऊन. चार वर्षांची असताना मुंबईत शस्त्रक्रिया झाली, ओठांचा निळेपणा गेला आणि पोर बरी झाली म्हणून घरात पेढे वाटले गेले. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "ही धमनी पुढे पुन्हा आवळू शकते, झडप गळू शकते. सवय झाली की तिचं तिलाही कळणार नाही. आयुष्यभर दरवर्षी दाखवायचं." पेढे सगळ्यांनी खाल्ले, हे वाक्य एकट्या आईने लक्षात ठेवले. पुढच्या महिन्यात माझी दुसरी शस्त्रक्रिया आहे.

कलम १. वरकस जमिनीतला माझा हिस्सा आई हौसा हिला द्यावा. ती जमीन गावाच्या वर, चढणीवर आहे. दर दिवाळीनंतर आई मला पुढे घालून ती चढण चढायची आणि मागून म्हणायची, "बोल गो, बोलत चल." मी शाळेतल्या, बाजारातल्या, लोकांच्या घरातल्या भानगडी सांगत जायची. मला वाटे आईला गप्पांची आवड. बाई माझा दम ऐकत होती. वर्षानुवर्षे मी वरच्या मोहाच्या झाडापर्यंत बोलत गेले. गेल्या वर्षी खालच्या जांभळीपाशीच गप्प झाले.

"का गो, थांबलीस?"

"बोलायला काय उरलंच नाय."

"तुज्याकडं बोलायला नाय? चल, उद्या दवाखान्यात."

तपासणीची तारीख अजून लांब होती आणि मला काही होतही नव्हते, म्हणून मी वाटभर तिच्याशी भांडले. डाव्या फुफ्फुसाची धमनी आवळलेली निघाली, झडपही गळत होती. हृदय थकायच्या आत आलात, असे डॉक्टर म्हणाले. ही दोन्ही झाडे कोणी तोडू नयेत.

कलम २. शिलाई मशीन आणि मोठी कात्री वहिनी अपेक्षा हिला. तिची बटणांची काजे माझ्याहून सुबक होतात. हे मी आजवर कबूल केले नव्हते, आता लेखी घ्यावे. त्या कात्रीने कागद कापू नये.

कलम ३. बँकेतली शिल्लक आईच्या गुडघ्यांवर खर्च करावी. बाबा गेले तेव्हा त्यांचे कार्य उरकले त्याच आठवड्यात ती मला घेऊन एसटीत बसली. गाव नको ते बोलले, पण माझी तपासणी चुकली नाही. स्वतःचे गुडघे मात्र तिने आजतागायत कोणाला दाखवलेले नाहीत. भाऊ हरेश याने तिला घेऊन जावे. ती नाही म्हणेल. तिला विचारूच नये, तिने मला कधी विचारले होते?

कलम ४. दुकानातली हातांची खुर्ची धोंडीकाकांना. "बऱ्या झालेल्या पोरीला कशाला दवाखान्यात फिरवतेस?" हे ते दरवर्षी आमच्या ओट्यावर येऊन उभ्याने सांगत. आता बसून सांगावे. मला बघायला आलेल्या शहापूरच्या पाहुण्यांना छातीवरच्या व्रणाची बातमी त्यांनीच आधी पोचवली. त्याचा राग मी कोणाला वाटून देत नाही, तो माझ्याकडेच राहील.

कलम ५. मी परत आले नाही, तर आईला कोणीही "एवढं करून काय मिळालं?" असे म्हणू नये. तीस वर्षे मिळाली. त्यात मी दहावी झाले, दुकान काढले, अर्ध्या धसईचे ब्लाउज शिवले आणि धोंडीकाकांशी मनसोक्त भांडले. ही सगळी आईची कमाई आहे. तिच्याइतके चिवट माणूस मी पाहिलेले नाही आणि मला तिचा फार अभिमान आहे. तोंडावर सांगायला जमले नाही म्हणून इथे लिहिते. ते वाक्य जो बोलेल त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, खुर्चीसुद्धा.

शेवटची नोंद. हे सर्व मी आज ओट्यावर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. आई दारात बसून नाचणी पाखडत होती. पाचव्या कलमात मला दम लागला आणि दोनदा थांबावे लागले. आईने सूप खाली ठेवले. ती रडेल असे वाटले. ती म्हणाली, "पुढल्या वर्षी परत वाच. पण हितं बसून नाय. वर शेतावर जाता जाता वाचायचं, मोहापर्यंत, न थांबता. तवर मी गुडघे दाखवून घेते. नायतर तुज्या मागं कोण चालंल?"

एवढी शेवटची नोंद तिच्या सांगण्यावरून लिहिली आहे.

ठिकाण: धसई
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: अक्षदा कोंडू देसले (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. रत्ना जाणू भोईर, शेजारीण (सही)
२. हितेश बाळू घोलप, किराणा दुकानदार (सही)