बिल्ला फळ्यावर राहिल्यास

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, अविवाहित, अग्निशमन दलात नोकरीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख तिसऱ्या कलमात आहे. धाकापोटी केलेले मृत्युपत्र टिकत नाही असे ऐकले, म्हणून नमूद करते की भीती मला रोजच वाटते. आज विशेष नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व स्वयंपाकघर, वडिलांच्या पश्चात आई, मी व धाकटी बहीण अशा तिघींच्या नावावर आहे. माझा हिस्सा धाकटीला मिळावा. आईला हयातभर तिथे राहण्याचा हक्क असावा. दारामागचे खिळे कोणीही उपटू नयेत.

खिळ्यांचा खुलासा करणे भाग आहे. वडीलही याच दलात होते. आगीत शिरणारा आपला पितळी बिल्ला दारावरच्या माणसाकडे देतो आणि तो माणूस बिल्ला फळ्यावर अडकवतो. बाहेर आलेल्याने तो मागून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस आत, असा हिशेब. एका गोदामाच्या आगीत वडील एका बेशुद्ध हमालाला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले आणि त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसून गेले. बिल्ला घ्यायचा राहिला. त्यांचे जोडीदार मिशीकाका त्यांना शोधायला पुन्हा आत गेले. काकांच्या उजव्या हाताची बोटे त्या दिवशी गेली. वडिलांना कोणी बोल लावला नाही, काकांनी तर नाहीच. वडिलांनी घरी येऊन डब्याचे झाकण कापले, त्याचे चार बिल्ले केले आणि दारामागे चार खिळे ठोकले. तेव्हापासून आमच्यात बाहेर जाणारा आपला बिल्ला खिळ्यावर अडकवतो आणि परतल्यावर काढतो. दूध आणायला गेले तरी.

मी अक्षरे गिरवण्याआधी हे शिकले. डोळ्यांवर टॉवेल बांधून, भिंतीवरचा हात न सोडता, मोरीपासून दारापर्यंत यायचे, हा आमचा खेळ होता. धाकटी हसत यायची. मी रडत यायचे, पण भिंत सोडली नाही.

२. बँकेतील शिल्लक आईला. त्यातून तिने आधी दात करून घ्यावेत. "बघू पुढच्या महिन्यात" हे कारण ग्राह्य धरू नये.

वडिलांचे चामडी हातमोजे धाकटीला. मला ते मोठे होतात, तिला बसतील.

आमची लाकडी शिडी मामांकडे आहे. ती त्यांच्याकडेच राहिल्यास हरकत नाही. फक्त ती उसनी नेली होती एवढे त्यांनी एकदा आईसमोर कबूल करावे.

ठाण्यातले माझे दाराजवळचे कपाट सहकारी रेडिओ यांना द्यावे. (त्यांचे तोंड बंद होत नाही म्हणून हे नाव पडले.) मी रुजू झाले तेव्हा "बाहुली आली, आता शोकेस आणा" असे ते म्हणाले होते. ते मी विसरलेले नाही. पण त्यांचे कपाट नळाखाली आहे आणि त्यांचे बूट नेहमी ओले असतात, हेही खरे.

३. धाकटीने दलाची शारीरिक चाचणी पार केली आहे. येत्या आठवड्यात तिला रुजू व्हायचे आहे. मामांनी सुचवले की माझा हिस्सा तिला द्यावा, पण ती दलात गेली नाही तरच, अशी अट लिहावी. पोरीबाळींना असाच लगाम घालावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. मामांचे मी मनावर घेतले नसते. पण आई गहू निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "एक जण बाहेर असली की मी अर्धी जागी असते. दोघी गेलात तर मी निजू कधी गं?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन दिवस शोधले. उत्तर नसताना अट घालणे मला बरोबर वाटत नाही. सबब अट घातलेली नाही.

४. माझ्याबद्दल गैरसमज राहू नये म्हणून हे कलम. पहिल्यांदा आत जायची वेळ आली ती एका शिंप्याच्या दुकानावरच्या घरात. जिन्यातून काळा धूर खाली येत होता. पाठीवर सिलिंडर होते, तोंडावर मुखवटा. बोटे गेल्यापासून मिशीकाका फळा सांभाळतात. त्यांनी डावा हात पुढे केला. मी मुखवट्यातूनच सांगितले की काका, मला भीती वाटते.

ते म्हणाले, "बिल्ला इकडे दे. भीती ठेव तुझ्याजवळ, ती मी सांभाळत नाही."

मी बिल्ला दिला आणि भीती घेऊन आत गेले. तिच्यामुळे हात भिंतीवरून सुटला नाही. तिच्यामुळेच जोडीदार "रिकामं आहे, चल" म्हणत असताना मी न्हाणीघराचे दार दुसऱ्यांदा ढकलून पाहिले. दारामागे शिंपी ओला टॉवेल तोंडावर धरून बसला होता. लोक याला धैर्य म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत बसत नाही, पण इथे खरे लिहायला हवे.

मिशीकाका साक्षीदार असल्याने त्यांना मृत्युपत्राने काही देता येत नाही. म्हणून माझा चहाचा थर्मास आजच त्यांच्या हाती दिला. झाकण गळते, हे सांगितले आहे.

५. माझा बिल्ला फळ्यावर राहिला आणि अधिकाऱ्यांनी आत जाण्यास मनाई केली, तर माझ्यासाठी कोणीही आत जाऊ नये. धाकटी तेव्हा हजर असल्यास तिनेही नाही. हे कलम मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

मी ते तिला वाचून दाखवले. तिने विचारले, "आणि माझा राहिला तर?" तुलाही हाच नियम, असे मी म्हणाले. मग तसं लिही ना ताई, म्हणून ती शेजारी बसून राहिली. मी कागद पुढे ओढला. आई दारात उभी होती. मी पेनाला टोपण लावले.

ते कलम लिहिलेले नाही. पुढेही लिहिले जाणार नाही. या बाबतीत माझे म्हणणे दुटप्पी आहे याची मला जाणीव आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून, समजून सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: मिशीकाका, दलातील फळा सांभाळणारे. सही डाव्या हाताने केल्यामुळे वाकडी आहे; ती त्यांचीच. पाचवे कलम वाचून "हे कोण ऐकणार?" असे म्हणाले व सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई. मला ताप नाही हे स्वतः कपाळाला हात लावून पाहिले.

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली.
दिनांक: सोमवार, सकाळच्या पाळीला निघण्यापूर्वी. माझा बिल्ला खिळ्यावर अडकवला आहे. शेजारचा खिळा धाकटीचा, अजून रिकामा; ती घरातच आहे, पण वडिलांचे हातमोजे घालून पाहते आहे.