ढाणकीच्या सडकेवरचा ताप

४ जून १९५७
आज सात जण तापानं पडले. काल तीनच होते. आमची हजेरी लिहिणारा ठेकेदाराचा मुनशी फुलचंद सांगत होता, पेपरात आलं आहे — हा ताप परदेशातून जहाजानं आला. आणि आम्ही घाटंजीची माणसं, गिट्टी फोडायला ढाणकीच्या सडकेपर्यंत आलो, तर समजत होतो की फार दूर आलो!

६ जून
कंपाउंडर आला. सडकेच्या पलीकडूनच बोलला — एकमेकांपासून दूर राहा, दुसऱ्याच्या हातचं पाणी पिऊ नका. मुनशीजी मान डोलवत होता. माझ्या हातचं पाणी तो आधीपासूनच पीत नाही; मागच्या दसऱ्याला आम्ही बुद्धाचा धम्म घेतला, तरीही नाही. त्याची काळजी नाही.
एका झोपडीत आम्ही नऊ जण. दूर म्हणजे कुठं, ते कंपाउंडरनं सांगितलं नाही.
ढाणकीच्या बाजारातही येऊ देत नाहीत. ज्वारी चार दिवसांची आहे.

९ जून
ज्यांना ताप, त्यांची नावं मुनशीनं हजेरीतून काटली. माझ्या नवऱ्याचंही — बळीरामचं. त्याला सांगितलं नाही. पडल्या पडल्या विचारतो, माझी दगडाची रास कोण फोडते? म्हटलं, मीच.
बंजारा तांड्यावरून कामाला आलेली धनीबाई इतके दिवस घरोघरी आंबील पाजत फिरत होती. आज तीच पडली. तिचंही नाव काटलं. या कामाला मात्र मुनशीजी उशीर करत नाही.

१० जून
मुनशीला ताप!

१३ जून
मुनशीचा भाऊ ढाणकीतच राहतो. त्यानं स्वतःच्या दारातूनच मुनशीला निरोप पाठवला, बरा झाल्यावर ये. ठेकेदाराचा माणूस आला, नाकाला रुमाल लावून मुनशीच्या तंबूत डोकावला आणि गेला. तीन दिवस मुनशी एकटाच.
दुपारी मी पाणी घेऊन गेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, गाडग्याकडं पाहिलं. मग गटागटा प्यायला.
"आनखी दे," म्हणाला.

१५ जून
बळीराम आता उठून बसतो. नाव काटल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं. चिडला. "ज्यानं नाव काटलं, त्याले पानी कायले पाजतं?"
"तो मेला तर नाव परत लिहीन कोन?" मी म्हटलं.
तेच कारण होतं का, मला सांगता येणार नाही.
आज तंबूत पाणी द्यायला गेले, तेव्हा ही वही माझ्या कमरेला खोचलेली होती. मुनशीनं पाहिली. विचारलं, लिहिता येते? म्हटलं, चौथी पास आहे. त्यानं डोळे मिटून घेतले.

१६ जून
धनीबाई पहाटे गेली. नाल्याकाठी नेलं. खांदा द्यायला चार माणसं उभी राहू शकत होती, तेवढीच आली. तिचा लेक देवसिंग तांड्यावर आहे. त्याला अजून माहीत नाही.

१८ जून
मुनशीजी बाहेर आला. अक्षर नीट दिसत नाही म्हणाला. हजेरीचं बुक माझ्यापुढं ठेवलं — "सत्यशीलाबाई, तुमीच लिहा."
काटलेली नावं परत लिहायला घेतली; पहिलं नाव धनीबाईचं लिहिलं. हजर.