ओठाला चिकटणारी बाजू

३ फेब्रुवारी १९८४, तुगान

बदली झाली म्हणून कुदुगूतले मित्र हळहळले. मी मनातून खूश होतो. पोस्टातलं काम चारला संपतं, उजेड सहापर्यंत असतो, आणि भाड्याच्या या घराला मागे एक बिनखिडकीची खोली आहे. आधीचा भाडेकरू फोटोवाला होता. तो अचानक निघून गेला. फोटो धुवायच्या ताटल्या, लाल दिवा, छपाईच्या कागदाचे चार बंद खोके, सगळं तसंच टाकून. माझ्यासारख्या हौशी माणसाला आणखी काय हवं?

घरमालकीण कोरोतिमी झेर्बो सामो जमातीची आहे, मी मोस्सी जमातीचा. तेव्हा नाव विचारण्याआधी तिने विचारलं, गाढवाचं डोकं कुठल्या पेटीत लपवलंयस रे, गुलामा? मी म्हटलं, मावशी, अंगणात एकही कुत्रं दिसत नाही, काल कालवण कशाचं होतं? बायका हसून कोलमडल्या. मोस्सी गाढवाचं डोकं खातात, सामो कुत्री, ही थट्टा आजे-पणजे लावून गेलेत. तिचा राग धरायचा नसतो. ट्रंक खाली ठेवायच्या आत मी घरचा झालो.

१२ फेब्रुवारी

खाटकांच्या ओळीत तासभर होतो. नुसत्या डोळ्यांना दिसतात हिरवट पडलेली आतडी, माशा, गटारात साकळलेलं रक्त. छापल्यावर आतडं म्हणजे धुतलेली जाळी, रक्त म्हणजे शाई, माशा म्हणजे कुणी सावकाश मारलेले ठिपके. रंग गेला की घाण जाते. उरतो आकार आणि उजेड. रंगीत फोटोवाले हे कधी समजणार नाहीत.

संध्याकाळी कोरोतिमीची मुलगी माइमूना नवं पिवळंधमक वस्त्र नेसून आली. फोटो काढ म्हणाली. मी म्हटलं, याचा नुसता करडा होईल, साधं काहीतरी नेसून ये. ती म्हणाली, म्हणजे मोस्सींना पिवळं दिसतच नाही होय? आईला सांगते, आंधळा गुलाम मिळालाय. आणि गेली.

१९ फेब्रुवारी

त्या फोटोवाल्याचा जुना कागद अजून चांगला आहे. लाल उजेडात त्याची कुठली बाजू चित्र उमटणाऱ्या लेपाची ते कळत नाही. मग सगळे करतात तेच मी करतो. ओला ओठ कोपऱ्याला लावायचा, चिकटते ती लेपाची बाजू. माझ्या कागदाला चव नसायची. याला आहे. उकळून गार केलेल्या बकऱ्याच्या पायांच्या रश्श्यावर चिकट थर येतो, तशी. लेपातलं जिलेटिन शेवटी कातडी-हाडांचंच. तरी मी दोनदा थुंकलो.

२६ फेब्रुवारी

माइमूना गेली. मान आखडणारा ताप, तीन दिवस. या ऋतूत येतोच तो. दुपारी पुरली. कोरोतिमी रडत नाही.

ते पिवळं वस्त्र दोरीवर वाळत होतं. मी खिडकी लावून घेतली.

४ मार्च

कोरोतिमीने वस्त्राच्या टोकाची गाठ सोडून माइमूनाचा फोटो माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याएवढा. त्या फोटोवाल्याने शाळेच्या दाखल्यासाठी काढलेला. हा एकच आहे. फिल्म कुठेच सापडत नाही. पाच एप्रिलला चाळिसावा दिवस. तेव्हा सगळं गोत्र येईल, त्यांच्यासमोर मोठा करून लावायचा आहे. म्हणाली, चेहरा विसरायला लागलेय रे मी. नाक आठवतं, मग तोंड जातं.

मी म्हटलं, करतो. त्या दिवशी मी काढला असता तर, हे मी बोललो नाही.

१७ मार्च

फोटोचा फोटो काढला. फिल्म धुवायला घेतली. रांजणातलं पाणीसुद्धा कोमट, बाहेर अंगाची लाही. धुताना लेप फिल्मवरून सुटला. तापवलेल्या दुधावरून साय सरकावी तसा, अखंड, माझ्या बोटांवर. करडी, लिबलिबीत साय. तिच्यात उलटं माइमूनाचं कपाळ.

टाकून द्यायला हवी होती.

तोंडात घातली. का ते माहीत नाही. चघळावी लागली नाही. आपणच घशाखाली गेली. नंतर तासभर ओकत होतो. करडं पाणी पडलं, ती पडली नाही.

२२ मार्च

बाजरीची उकड घशाखाली उतरत नाही. भेंडीचं कालवण पाहिलं की तोंडाला पाणी सुटतं, खाल्लं की मळमळतं. पाहिजे ते हे नाही. लाळ दाट झाली आहे, तिच्या तारा तुटत नाहीत. पोस्टात तिकिटं ओली करायला मी आता स्पंज वापरतो. परवा एका गिऱ्हाइकाने मी चाटून चिकटवलेलं पाकीट नाकाशी नेलं आणि परत काउंटरवर ठेवलं.

जिभेवर थर धरतो. सकाळी चमच्याने खरवडून पांढऱ्या बशीत ठेवला. वाळल्यावर पाहिलं. त्यात एक भुवई होती.

बशी घासली. तीनदा.

२९ मार्च

फळीमागे फोटोवाल्याने ठेवलेला गठ्ठा सापडला. गावातली लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग. कपडे, हात, खुर्च्या शाबूत. चेहरे नाहीत. तिथे नुसता कागद, पांढरा, तंतू सुटलेला, कडेला कुरतडल्याच्या खुणा. झुरळं, मी म्हटलं.

झुरळांना एवढे रुंद दात नसतात. मी माझे लावून पाहिले. बसले.

आणि दात लावले होतेच तर—

ते सगळे उरलेले कोपरे मी—

३१ मार्च

फोटो पुन्हा घ्यायला हवा. एकदाच. बर्फ मिळवला, पाणी गार केलं. सगळं नीट होतं. फोटोवर धूळ होती. पुसायची होती फक्त. कापड शेजारीच होतं.

मी जिभेने पुसली.

लेप फुगला. गाल वर आला, उबदार. मग नाक. मग तोंड.

हातात अंगठ्याएवढा पांढरा कागद. देवा, किती गोड होतं.

२ एप्रिल

सांगितलं. अंगणात, भर दुपारी, सगळ्या बायकांसमोर. मावशी, मी तुमची मुलगी खाल्ली. फोटो खाल्ला. तो उरला नाही.

मग कोरोतिमी हसली. मुलीला पुरल्यापासून पहिल्यांदा. हसत खाली बसली, मांड्या बडवल्या. बायांनो, ऐका, गाढवाची डोकी संपली म्हणून आता हे सामोंच्या पोरी खायला लागले! मीठ लावलंस का रे? मी अल्लाची शपथ घेतली. तशी आणखीच. मोस्सी शपथ घेतोय म्हणजे फोटो नक्की सुंदर झालाय, म्हणाली. चाळिसाव्याला दाखवायचा म्हणून लपवतोय, चोर!

तो कोरा कागद पुढे केला. तिने तो माझ्या कपाळावर चिकटवला.

डोळे पुसत म्हणाली, बरं केलंस रे. छातीवरचा धोंडा हलला.

कागद कपाळावर तसाच घेऊन मी खोलीत आलो.

४ एप्रिल

खोके रिकामे. शेवटचा कागद सकाळी खाल्ला. चव नाही. कोऱ्या कागदाला आता चव येत नाही. चेहरा लागतो.

गोत्रातले लोक उतरतायत. अंगणात चाळीस तोंडं. खिडकी लावली. फटीतून वास येतो. थिजलेल्या रश्श्याचा वास. माणसांचा.

कोरोतिमीने दार वाजवलं. या वेळी हसली नाही. तुझं खरं आहे ना, म्हणाली. फोटो बिघडला ना? तुला सांगवत नाही म्हणून थट्टेवर नेलंस. मी हो म्हणून मान हलवली. मग म्हणाली, असू दे. ती माझ्यावरच गेली होती, सगळे म्हणतात. उद्या सकाळी माझा काढ. तरुण दिसेन असा. तोच लावू.

मी नको म्हटलं. नको, नको, पाय धरले. गुलामा, ऊठ, म्हणाली.

५ एप्रिल, सकाळ

आली आहे. दाराजवळ उजेडात स्टूलवर बसली आहे. तोंड धुऊन, गालांना शीयाच्या बियांचं लोणी लावून.

कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. लिहितो आहे. लिहिताना तोंड मिटून राहतं.

लाळ वहीवर पडते.

जा म्हटलं. ओरडलो. ती हसली. सगळे अंगणात आहेत, कुणीतरी हाक मारली, काय चाललंय? ती म्हणाली, काही नाही, मोस्सीला भूक लागलीय!

उठली. इकडे येते आहे. वाकली. अरे, मग खा की, म्हातारं मांस आहे, दात पडतील तुझे, म्हणते आणि गाल पुढे—

चेहऱ्यावर रंग नाही. नुसता उजेड. तोच गाल, तेच नाक, तेच तों—