खिशातला खडू

प्रिय क्लेम,

पाकीट जाड बघून तू आधी घाबरशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. एकेचाळीस वर्षं नाताळच्या कार्डावर ‘आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल’ एवढं खरडणारा तुझा थोरला भाऊ आज कागद घेऊन बसला आहे, कारण त्याने आपल्यावरचा तो सिनेमा बघितला आणि तेव्हापासून त्याच्या तोंडाची चव गेली आहे. शिसारी आली. नुसता राग असता तर दोन दिवसांत उतरला असता, पण हे काही उतरत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती सिनेमावाली मंडळी विदरकोमला आली. मार्चमध्ये, क्लेम! आपली बाउल्सची हिरवळ अजून धड जागीही झालेली नसते तेव्हा. हिरवळ सांभाळायचे तेव्हा आपल्या बाबांनी पाद्र्यांच्या बायकोलासुद्धा टाचांचे बूट घातले म्हणून फाटकातून परत पाठवलं होतं, आठवतं ना? त्या हिरवळीवर हे लोक जाडजूड बूट घालून दिवे ओढत फिरले. गवत पिवळं दिसतंय म्हणून त्यावर हिरवा रंग फवारला. हल्ली हिरवळ टॅम्सिन सांभाळते, गॅमनांची मुलगी. ती बिचारी अवजारांच्या खोलीत जाऊन रडली. क्लबातल्या बाकीच्यांना मात्र पांढरे कपडे घालून कॅमेऱ्यामागे-पुढे फिरायला मिळतंय याचंच कौतुक. बायकांच्या मंडळाने तीन आठवडे अंड्याची सँडविचं पुरवली. आर्थर कोनिबेअरला एकच सँडविच अकरा वेळा चावायला लावलं, आणि सिनेमात त्याचा फक्त कोपर दिसतो.

नायक म्हणजे तू. टीव्हीवर डॉक्टरचं काम करणारा कुणी देखणा गडी आहे. तो बाउल्सचा गोळा उलटा धरतो. उलटा! जड बाजू बाहेर ठेवून सोडलेला गोळा खरं तर वळून थेट शेजारच्या दफनभूमीत जायला हवा. तो सुरेख वळण घेत त्या चिमुकल्या पांढऱ्या चेंडूपाशी, जॅकपाशी जातो. मी थिएटरात मोठ्याने म्हणालो की हे शक्य नाही. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून मला गप्प बसायला सांगितलं. तू कोळशाचा ट्रक चालवायचास, ते त्यांनी ठेवलंय, पण वर मोटारसायकल दिली आहे आणि तू ती पहिल्याच दिवशी हिरवळीवरून नेतोस. खरं तर तू फक्त तपकिरी कॉर्डरॉयची पँट घालून आला होतास, आणि तेवढ्यावरूनच समितीची तीन पत्रं आली होती.

मी त्यात बर्ट्रम नावाचा, सतत नाक ओढणारा, लोखंडी सामानाचा दुकानदार आहे. चालेल. मी नाक ओढतोच. पण बाबांचं काय केलंय बघ. बाबा म्हणजे खुर्चीत पेंगणारा, कवळी चहाच्या कपात पडणारा दारुडा! लोक हसून हसून पोट धरत होते. ज्या माणसाने जन्मभरात दोनदा सायडर घेतली, तीही तुझ्या-माझ्या बारशाला, त्याला हसत होते. तेव्हाच मी उठून निघायला हवं होतं. पण नगरपालिकेच्या लोकांनी मला सिनेमाच्या पहिल्या खेळाला मधल्या खुर्चीत बसवलं होतं, क्लबाचा अध्यक्ष म्हणून, आणि मी भिडेखातर बसून राहिलो. भिडेखातर मी बरंच काही केलेलं आहे.

शेवट तू पाहिला असशीलच. जिल्ह्याची जोडीची अंतिम फेरी, गुण सारखे, शेवटचा गोळा तुझ्या हातात. तुझ्या तिकडच्या, परदेशातल्या प्रेक्षकांना खेळ कळावा म्हणून सिनेमातला एक कर्नल तोंडात सॉसेज रोल कोंबून बारमधल्या मुलीला नियम सांगतो. जॅकच्या सर्वांत जवळ ज्याचा गोळा त्याचा गुण, हिरवळीच्या कडेच्या चरीत पडलेला गोळा मेला, पण जाता जाता जॅकला शिवून गेला असेल तर जिवंत, आणि जॅकपाशी उभा असलेला जोडीदार त्यावर खडूने खूण करतो. एवढी एकच गोष्ट त्या सिनेमात बरोबर आहे. मग तुझा गोळा येतो, जॅकला घासतो, चरीत पडतो. सगळे श्वास रोखून. बर्ट्रम खिशातून खडू काढतो, डोळ्यांत पाणी, आणि तो खूण करतो. विजय, मिठ्या, बँड. संपूर्ण थिएटर उभं राहिलं. माझ्या पाठीवर किती हात पडले ते मी मोजले नाहीत. असा भाऊ हवा, असं कोनिबेअर म्हणाला, आणि तो त्या दिवशी प्रत्यक्ष तिथे होता! खरं काय घडलं ते ठाऊक असलेली माणसंसुद्धा डोळे पुसत होती. मी बाहेर येऊन समुद्राकडच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

खरं काय घडलं, म्हणजे गावाला जे ठाऊक आहे ते, असं: गोळा शिवला नाही, आपण एका गुणाने हरलो, तू तमाशा केलास, आणि हेडली यलंड सख्ख्या भावाविरुद्ध आणि स्वतःच्या चषकावर पाणी सोडून खरं बोलला. त्या एका दिवसावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, क्लेम. दुकानात लोक माझा तराजू बघत नसत. चर्चची दानपेटी माझ्याकडे, क्लबाचं अध्यक्षपद बावीस वर्षं माझ्याकडे. नवीन सभासद आला की त्याला माझ्याकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगतात. सिनेमा लिहिणारी मुलगीसुद्धा तीच गोष्ट ऐकायला आली होती. मी तिला तीन दुपारी चहा पाजला आणि तीच सांगितली. शेवट तिने बदलला, कारण विनोदी सिनेमात बिचाऱ्यांनी जिंकायचं असतं म्हणे. तिला काय ठाऊक तिने काय केलं ते.

आता ऐक. आठ वर्षं मी क्लबाच्या जोडीचा कप्तान होतो. त्या अंतिम फेरीच्या वर्षी समितीने तुला केलं. तू अठ्ठावीसचा, खेळायला लागून तुला जेमतेम चार वर्षं झालेली. मी खिलाडूपणाने हात मिळवला, सगळ्यांनी कौतुक केलं. घरी बाबा माझ्या खेळाला ‘नीटनेटका’ म्हणायचे. तुझ्याबद्दल बोलताना मात्र ते आपले हात वर धरून त्यांच्याकडे बघायचे, जणू ते हात आता तुझ्याकडे गेले. शेवटचा गोळा तू सोडलास तेव्हा मी जॅकपाशी होतो आणि माझ्या शेजारी समोरच्या जोडीतले म्हातारे प्रिडम. जॅक चरीपासून वीतभर अंतरावर. तुझा गोळा वळत येत होता आणि मी वर पाहिलं, तर बाबा खुर्चीतून उठून उभे राहिलेले. गुडघ्यांमुळे दोन वर्षं कुणासाठी न उठलेले बाबा. माझ्या एकाही सामन्यात ते उठले नव्हते.

गोळा चरीत पडला. प्रिडमच्या डोळ्यांवर ऊन होतं, कान आधीच गेलेले. त्यांनी टोपी मागे सारली आणि मला विचारलं, “यलंड, मला काही दिसलं नाही बुवा. शिवला का? तुम्ही म्हणाल ते मला मान्य.”

प्रतिस्पर्धी माणूस, चषक समोर, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार! आपल्या खेळात तसंच असतं, म्हणून तर आपण तो खेळत होतो. खडू माझ्या खिशात होता. मी म्हणालो, “नाही.”

तू पलीकडच्या टोकाहून ओरडलास की शिवला, मी टक् असा आवाज ऐकला. मी तुझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी चहाच्या टेबलावर बाबांनी मला एकदाच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग ते तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, “भावाची माफी माग, क्लेम. मागेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.” तू मागितली नाहीस. ऑक्टोबरमध्ये बोटीत बसून परदेशी गेलास. पुढच्याच्या पुढच्या वसंतात बाबा गेले, आणि शेवटच्या आठवड्यात तुझं नाव घेत होते. तुला तार करायला मी चार दिवस लावले, मातीला तू येऊ शकणार नाहीस एवढे दिवस. तुझ्यासमोर त्यांच्या कबरीशी उभं राहायची माझी छाती नव्हती. सिनेमातल्या कवळीवर मी चिडतो, पण बाबांचं सगळ्यात वाईट मीच केलं. त्यांना मुलगा असून नसल्यासारखा केला, आणि तोही खोट्यावर.

सिनेमानंतर मी आपल्या चिटणीसबाईंकडे, रोझलिंड वीलकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बिस्किटं पुढे केली आणि म्हणाली, हेडली, आता कशाला? सिनेमात तुम्ही खूण केलीतच की, झालं ते छान झालं, शिवाय सुट्टीत खेळायला येणाऱ्यांची नावं भराभर नोंदली जाताहेत. मला वाटलं होतं ती मला हाकलेल. तिने मला दुसरं बिस्किट दिलं. तेव्हा मला तिच्यापेक्षा माझीच जास्त किळस आली, कारण क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग मंगळवारी तुझं कार्ड आलं. सिनेमा पाहिलास, हसलास, रडलास असं लिहिलंस. त्या सिनेमातल्या बर्ट्रमकडे बघून तुला वाटलं की असा माणूस खडू खिशात ठेवून खोटं बोलणार नाही. तूच जिंकायला उतावळा होतास, आपल्या कानांनी आपल्याला हवं ते ऐकलं असेल, असंही लिहिलंस. बाबांनी सांगितलं होतं ते सत्तरीत करतोय, म्हणून माझी माफी मागितलीस. हे पत्र त्याचं उत्तर आहे. तुझं कार्ड याच पाकिटात परत घातलं आहे, ते माझ्या घरात राहता कामा नये. शनिवारी हंगाम सुरू होतो. अध्यक्षाने उभं राहून चार शब्द बोलायचे असतात, आणि रोझलिंडला आवडो न आवडो, मी हेच बोलणार आहे आणि मग तिथेच उभा राहणार आहे, ज्याला जे विचारायचं ते विचारू दे. पण त्यांच्या आधी तुला कळायला हवं. मला माफ कर असं मी म्हणत नाही. मी इतकंच सांगतो की तो गोळा जॅकला शिवला, मी हातभर अंतरावरून पाहिलं, आणि तुझ्या कानांनी त्या दिवशी अगदी बरोबर ऐकलं होतं.

तू अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
हेडली